क्रीम डबा, ऑफ-व्हाइट डबा

मंगळवार, १ मे १९७३. सकाळी पावणेसहा

आज महाराष्ट्र दिन. आजपासून चाळीतल्या कचऱ्याला शिस्त.

योजना थोडक्यात: खोल्या चौदा. प्रत्येक खोलीला दोन पत्र्याचे डबे, एक ओल्या कचऱ्याला, एक सुक्याला. साडेसहाला सगळे डबे खाली रस्त्याच्या कडेला, खोली नंबरप्रमाणे रांगेत. मी शिट्टी वाजवणार. हातगाडीवाला नाथा येऊन कचरा नेणार. परदेशात असंच चालतं, असं पेपरात आलं होतं.

रंगाचा थोडा प्रॉब्लेम झाला. कंपनीतून रिजेक्ट माल मिळाला. लाल-हिरवा मागितला होता, क्रीम आणि ऑफ-व्हाइट मिळाला. क्रीम ओल्याला, ऑफ-व्हाइट सुक्याला. लक्ष देऊन पाहिलं तर फरक कळतो.

सकाळी ९

गोदूबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ही जुन्या गावातली कोळीण. मासळीची पाटी डोक्यावर झेपेना तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, चाळीचा कचरा नेतेय. मासळीची डोकी, भाजीची देठं, चुलीची राख तिच्या वाडीत वांग्यांना जाते. कागद-बाटल्या वेगळ्या बांधून कुठे नेते देव जाणे. वेळेचा पत्ता नाही. जिन्यात बसून बायकांशी तासभर गप्पा.

तुझी काही चूक नाही, आता सिस्टीम आलीय, असं समजावलं. ती "बरं" म्हणाली आणि टोपली उचलून गेली. आमची मंदा तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेली. परत आल्यावर माझ्याकडे न बघता आत गेली.

गुरुवार, ३ मे

अठ्ठावीसपैकी एकोणीस डबे रांगेत. सुरुवातीला हे प्रमाण फार चांगलं आहे.

सहा नंबरच्या विमलाबाईंनी क्रीम डब्यात गहू भरून ठेवलेत. म्हणाल्या, "भावजी, इतका चांगला झाकणाचा डबा, त्यात कचरा टाकायला जीव होईना." दुसऱ्या डब्यात डाळ आहे.

रविवार, ६ मे

नाथा सुका कचरा नेतोय, ओल्याला हात लावत नाही. गाडीला वास लागतो म्हणे. थोडे दिवस थांब, सवय होईल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, कोणाला?

सध्या ओला कचरा तळमजल्याच्या मागच्या खड्ड्यात. ही तात्पुरती व्यवस्था.

बुधवार, ९ मे

मंदाला इस्पितळातून पत्र आलं. नर्सिंगच्या ट्रेनिंगला मुलाखत, सोमवार दिनांक २१, सकाळी नऊ. तीन वर्षं तिथेच राहणं, जेवण. खाली एक ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित: मूळ पत्र सोबत आणावे, त्याशिवाय प्रवेश नाही.

मंदाच्या आईने, शेवंतीने, देवापुढे साखर ठेवली.

माझा विरोध नाही, कधीच नव्हता. मी एवढंच म्हटलं की लोकांची घाणीची भांडी उचलायला आपली मुलगी, आणि रात्रपाळ्या. गावी राजापूरला आमच्या तात्यांनी स्थळ सुचवलंय, मुलगा पोस्टात आहे. मी त्यांना नुसतं लिहिलंय की पावसाआधी येतोच, तेव्हा बघू. हे घरात सांगायची अजून वेळ आलेली नाही.

नर्सिंगचं हे खूळ गोदूबाईमुळेच. गेल्या वर्षी कचऱ्यातल्या काचेने तिचा पाय कापला. मंदाने दोन महिने रोज पट्टी बदलली. तेव्हापासून दुसरा विषय नाही.

पत्र मी माझ्या ताब्यात घेतलं. कंपनीत बावीस वर्षं डिस्पॅचला आहे, आजवर एक कागद हरवला नाही. शेवंती ते देवाच्या फोटोमागे ठेवणार होती. तिथे झुरळं असतात. मी घडी मोडू नये म्हणून पेपरच्या मधल्या पानात घातलं आणि पेपर कपाटावर ठेवला.

रविवार, १३ मे

नाथाची तक्रार की लोक सुका कचरा कसाही कोंबतात. म्हणून आज सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक केलं. कपाटावरचे, कॉटखालचे सगळे पेपर काढले, एकावर एक लावले, सुतळीने उभी-आडवी गाठ मारली. विमलाबाई म्हणाल्या, गठ्ठा असावा तर असा. नाथाने सगळ्यांत आधी तोच उचलला.

दिवस सत्कारणी लागला. घरही मोकळं दिसतंय.

मंगळवार, १५ मे. संध्याकाळी

शेवंतीने पत्र मागितलं. मंदाला त्याची नक्कल करून ठेवायचीय.

मी सांगितलं, सुरक्षित जागी आहे, घाई काय. ती म्हणाली, जागा सांगा, मी काढते. मी म्हटलं, उद्या.

कपाटावर नाही.

बुधवार, १६ मे

कपाटावर नाही, कपाटाखाली नाही, ट्रंकेत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असू शकतं. दुपारी ड्रॉवर दोनदा उपसला.

शक्यता क्रमांक एक: शेवंतीने झाडताना हलवलं असावं. क्रमांक दोन: उंदीर. क्रमांक तीन आत्ता लिहीत नाही.

गुरुवार, १७ मे

क्रमांक तीन. रविवारचा गठ्ठा.

नाथाला स्टेशनजवळ गाठलं. म्हणाला, सुका कचरा मिठागराच्या बांधाला टाकतो, अजून तिथेच असेल. म्हणजे काळजीचं कारण नाही. शनिवारी हाफ डे आहे. घरात उगाच कोणाला घाबरवायचं नाही.

ओल्या कचऱ्याचं मात्र जरा चिघळलंय. खड्डा मंगळवारीच भरला. आता कचरा खड्ड्याच्या बाहेर आणि वर मे महिन्याचं ऊन. घारी, कावळे, कुत्री. तीन नंबरच्या दोन मुलांना जुलाब. तळमजल्यावरचा वाणी जयकुमार मला जिन्यात थांबवून म्हणाला, "धर्माजीभाई, मेरा गिराक नाक पकडके आता है. एक हाथ नाक पे, तो सामान किससे उठायेगा?" मी त्याला सांगितलं की प्रत्येक नव्या योजनेला त्रासाचा काळ असतो. तो म्हणाला, "वो काल आप अपने घर में रखो ना."

शुक्रवार, १८ मे

शेवंतीला कळलं. मी सांगितलं नाही. कपाटावर हात फिरवून ती खाली उतरली आणि म्हणाली, "रविवारी तुम्ही पेपर बांधलेत." प्रश्न नव्हता तो.

मी म्हटलं, उद्या आणतोच. ती भाकरी थापत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

जेवताना मंदाने विचारलं, "राजापूरचं पत्र कोणाचं आलं होतं?" तात्यांचं उत्तर आलंय, तिनेच पोस्टमनकडून घेतलं आणि वाचलं. पावसाआधी येता आहात हे वाचून आनंद झाला, मुलाकडची मंडळी तयार आहेत, असं काहीतरी.

मी खुलासा करायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, माझं पत्र तुम्ही मुद्दाम घातलंत का गठ्ठ्यात?"

शेवंतीचा हात थांबला.

मी म्हटलं, असं बापाला विचारतात का. मंदा म्हणाली, "मग नाही म्हणा."

मी ताट सरकवून उठलो.

शनिवार, १९ मे. पहाटे

नाही म्हणता आलं असतं. नाहीच आहे. तसा माणूस नाही मी.

गठ्ठा बांधत होतो. वरून तिसरा-चौथा पेपर. तो उचलताना जरा जाड लागला. त्याच वेळी विमलाबाईंनी हाक मारली की नाथा आला. मी सुतळी ओढली.

जाड लागला होता हे आत्ता आठवतंय की तेव्हाही कळलं होतं? हे ठरवणं कठीण आहे. ऑफिसला उशीर होतोय.

शनिवार, १९ मे. संध्याकाळी

दीड वाजल्यापासून सहापर्यंत मिठागराच्या बांधावर. सावली म्हणून नाही. मिठाच्या पांढऱ्या ढिगांवरून ऊन डोळ्यांत येतं. सोबत छत्रीची काठी, तिने उकरत होतो. चपलेचे तळवे, फुटक्या बरण्या, एक बाहुलीचं डोकं. पेपर एकही नाही. माझ्या सुतळीचा तुकडा नाही.

नाथाला परत गाठलं. मग वारा आला असेल, म्हणाला. गठ्ठ्याला कसला वारा, तीन किलोचा गठ्ठा. त्यावर तो गाडीचं चाक बघायला लागला.

घरी आलो तेव्हा दोघी जणी माझ्या हाताकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही.

आता एक दिवस उरलाय.

रविवार, २० मे. सकाळी ७

रात्रभर विचार करून एका निष्कर्षाला आलो: चाळीच्या कचऱ्याची माहिती असणाऱ्या अनुभवी व्यक्तीशी सल्लामसलत करावी.

शेवंती म्हणाली, "गोदूबाईंकडे चाललात असं सरळ म्हणा. आणि जाताना शिट्टी ठेवून जा."

रविवार, २० मे. संध्याकाळी ७

सगळं क्रमाने लिहितो.

गोदूबाईचं घर बंदराकडच्या आळीत. दारात वाकट्यांची मासळी वाळत होती. ती बसून जाळ्याची गाठ सोडवत होती. मला पाहून उठली नाही. मी वाटेत भाषण तयार केलं होतं, सिस्टीममधल्या काही त्रुटींबद्दल. तोंडातून एवढंच आलं की मंदाचं पत्र हरवलं, उद्या मुलाखत आहे.

"कोनी हरवला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, गठ्ठ्यात गेलं. ती बघत राहिली. मग मी म्हटलं, "मी."

वीस दिवसांत हा शब्द पहिल्यांदाच बोललो असेन.

ती जाळं बाजूला ठेवून उठली. मिठागरावर शोधलं, असं मी सांगितलं, तेव्हा हसली नाही. म्हणाली, "कागद कोन खाडीला टाकतो का? कागद वान्याकडं जातो. मी बारा वर्सं तितंच देत व्हते. नाथा बी तितंच देतो, चार पैसं मिळतात."

जयकुमार. आमच्याच चाळीच्या तळमजल्यावर. माझ्या दारापासून बावीस पायऱ्या.

गोदूबाई पुढे, मी मागे. दुकानात जयकुमार पेपरच्या पुड्या चिकटवत बसला होता. समोर खळीची वाटी. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "सफेद, मोटा कागज? था. बुधवार को उसका चार पुडी बनाया. अच्छा कागज था, इसलिए याद है." घडी केलेलं होतं, वाचलं नाहीस का, असं मी विचारलं. "धर्माजीभाई, मैं रद्दी पढने बैठूं तो दुकान कौन चलायेगा? और गठ्ठा तो आपका था. मैं समझा, आपने देखके बांधा होगा."

चार पुड्या. कोणाला काय दिलं ते त्याला आठवेना. पांढऱ्या पुडीत तिखट, साबुदाणा, असलं काहीतरी महागाचं बांधतो, एवढंच.

मग आम्ही चाळीतली बाकीची तेरा दारं वाजवली. मी नव्हे, गोदूबाईने. मी मागे उभा. तिला प्रत्येक घरात या म्हटलं गेलं, मला नाही. तीन नंबरच्या बाईने तिला खड्ड्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं, मला नीट ऐकू आलं नाही. नीट ऐकू आलं, पण इथे लिहीत नाही.

विमलाबाईंकडे तिखटाची पुडी निघाली. उलगडली. कुमारी मंदा धर्माजी घाडी, खाली अर्धी ओळ. त्यांनी तिखट माझ्याच क्रीम डब्याच्या झाकणात ओतलं आणि कागद मागोमाग आलेल्या मंदाच्या हातात दिला.

शेवटच्या खोलीत साबुदाण्याची पुडी. तिच्यावर गोल शिक्का आणि सही.

बाकीच्या दोन नवघर गावच्या कुण्या गिऱ्हाइकाने नेल्या, एवढं जयकुमारला मागाहून आठवलं, त्याचं नाव माहीत नाही. म्हणजे पत्रातलं मंदाचं नाव आहे, शिक्का आहे. तारीख आणि वेळ नाही. त्या आम्हाला पाठ आहेत.

मंदाने दोन्ही तुकडे वहीच्या कागदावर चिकटवले. खळ जयकुमारने आणून दिली, स्वतः वर येऊन. तिखटाचा वास जात नाही. गोदूबाई तिच्याजवळ बसून होती. निघताना मी तिला म्हटलं, उपकार झाले. ती म्हणाली, "तुज्यासाटी न्हाय आलते."

सोमवार, २१ मे. दुपारी २

रजा टाकली. बुशशर्टला इस्त्री करून तयार होतो. शेवंती म्हणाली, "आम्ही दोघी जातो. तुम्ही थांबा. खड्ड्याचं बघा."

पहाटे पाचला गेल्या. मंदाने वाकून नमस्कार केला, देवाला आणि मग मलाही. डोकं वर केल्यावर माझ्याकडे बघितलं. काही म्हणेल असं वाटलं. मीच म्हणायला हवं होतं.

खड्ड्याचं बघितलं. म्हणजे जवळ जाऊन बघितलं. मग फावडं मागून आणलं. दोन तास माती ओढली, तोंडाला पंचा बांधून. जयकुमार दुकानातून बघत होता. शेवटी एक ग्लास पाणी आणून ठेवलं आणि दुकानात परत गेला.

तीन वाजता

नऊची मुलाखत. फार तर अकरापर्यंत संपेल. दारातूनच परत पाठवलं असतं तर केव्हाच घरी आल्या असत्या. म्हणजे आत घेतलं. किंवा दारातून परत पाठवलं आणि शेवंती कोणाचे तरी पाय धरत बसली असेल.

ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

संध्याकाळी ६

पावणेपाचला आल्या. मंदा थेट नळावर गेली, तोंड धुवायला. शेवंती उंबऱ्यात बसली. मला विचारवेना. मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

ती म्हणाली, "घेतलं तिला."

दारावरच्या शिपायाने कागद बघून हाकललं होतं. मंदा हलली नाही. दहापर्यंत पायरीवर उभी होती. शेवटी मोठ्या नर्सबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि दोनदा शिंकल्या. विचारलं, हे असं कोणी केलं? तेव्हा मंदा म्हणाली, "वडिलांनी जपून ठेवलं होतं."

बाईंनी मग रजिस्टर मागवलं, नाव होतंच. मुलाखतीत विचारलं की घाण, जखमा बघवतील का. मंदाने गोदूबाईच्या पायाचं सांगितलं.

वडिलांनी जपून ठेवलं होतं. हे वाक्य मी सारखं उलटसुलट करून बघतोय. मला वाचवायला म्हणाली, की दुसऱ्या कशासाठी? विचारायची हिंमत नाही.

रविवार, २७ मे

चाळीची बैठक. योजनेचा आढावा घ्यावा असा प्रस्ताव मी मांडणार होतो, पण त्याआधीच आढावा झाला. शब्द कठोर होते. गोदूबाईला परत बोलवायचं ठरलं. ती बैठकीला आली, आणि तिने आपल्या अटी सांगितल्या. ती जिना चढणार नाही. खालून हाक मारेल, ज्याने त्याने आपला कचरा घेऊन खाली यायचं. राख वेगळी, मासळीचं वेगळं, कागद वेगळा, काच तिच्या हातात द्यायची. जो मिसळून आणेल, त्याने परत वर न्यायचं.

म्हणजे वर्गीकरणाचं तत्त्व सर्वांनी मान्य केलं. ते मूळ माझंच आहे. तसं मी उभं राहून सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही, कारण तोवर सगळे उठले होते.

तात्यांना पत्र टाकलं: मुलीच्या लग्नाचा विचार तीन वर्षं नाही. पोस्टात टाकण्याआधी मंदाला वाचायला दिलं. तिने एक र्‍हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत केलं.

मंगळवार, २९ मे

हाक आली तेव्हा रांगेत पाचवा होतो. गोदूबाईने माझ्या टोपलीत हात घालून बटाट्याच्या सालींतून एक ब्लेड काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं. परत वर गेलो. पुन्हा रांगेत, बारावा.

रविवार, ३ जून

मंदाला हॉस्टेलवर पोचवलं. ट्रंक मी उचलली. फाटकाच्या आत पुरुषांना मनाई. ट्रंक तिनेच आत ओढत नेली.

मला म्हणायचं होतं की मुद्दाम नव्हतं. मग वाटलं, ते पूर्ण खरं आहे की नाही हे मलाच माहीत नाही, तर तिला काय सांगणार. म्हटलं, जेवण वेळेवर घे.

ती म्हणाली, "हो बाबा."

रविवार, १७ जून

मंदाचं पत्र आलं. शेवंतीच्या नावाने.

शेवंतीने मोठ्याने वाचून दाखवलं. तब्येत बरी आहे, पहिल्या आठवड्यात नुसत्या चादरी घालायला शिकवल्या, एका म्हाताऱ्या पेशंटने तिला लेकी म्हणून हाक मारली, गोदूबाईंचा पाय ओल्यात सुजतो, त्यांना कोरडा ठेवायला सांग. बाबांना नमस्कार.

वाचून झाल्यावर माझ्या हातात दिलं नाही. मी मागितलं नाही. तिने ते पोळपाटामागे पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

ती पाणी भरायला गेल्यावर काढलं. शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग होती तशीच घडी घातली, डबा उचलून होतं तिथेच ठेवलं, आणि वर पडलेलं पीठ पुसून घेतलं.